नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूची कैफियत

मी एक जिवाणू बोलतोय. पिंपळीत रणजितच्या उसाच्या रानात विहीर आहे, तिच्या तळाच्या दगडांवरल्या बुळबुळीत थरात माझं बिऱ्हाड. मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कुणी मोजत नाही. चालायचंच.

आमची जात नायट्रेट खाणारी. तुम्ही उसाला युरिया टाकता. ऊस घेतो तेवढा घेतो, उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर झिरपत आमच्याकडं येतं. तळाशी हवा कमी, तेव्हा आम्ही नायट्रेटवरच भागवतो आणि त्याचा साधा वायू करून सोडून देतो. पगार नाही, रजा नाही. फक्त कुजलेल्या पाल्याचा रस थोडा खाली यायला हवा. भाकरीला कालवण लागतं, तसं.

पूर्वी आम्हांला शेजार मोठा होता. कुणी लोखंडाच्या गंजावर जगणारे, कुणी गंधकावर. मग पोती वाढली. शेजाऱ्याचा ऊस जरा जास्त हिरवागार दिसला की रणजितच्या पोटात दुखायचं. लगेच पाटाच्या तोंडाशी युरियाचं आणखी एक पोतं! एवढ्या नायट्रेटपुढं आमच्या शेजाऱ्यांचा निभाव लागेना. एकेक घर मिटलं, उरलो आम्हीच.

त्यात तोडणी झाली की रणजितचे वडील गेणबा पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवून द्यायचे. "रान कसं चकचकीत हाय बघ!" म्हणायचे. अहो आबा, आमचं कालवण जाळलंत की! नुसत्या भाकरीवर किती रेटणार? नायट्रेट तसंच पाण्यात राहू लागलं. पाणी मात्र दिसायला नितळ.

घरात प्यायलाही हेच पाणी. गेल्या वर्षी रणजितच्या बायकोला, स्वरूपाला, लेक झाली. छकुली. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डब्याची पावडर कालवायची. स्वरूपा मोठी जपणारी. निम्मं आटेपर्यंत पाणी उकळायची. "एक जंतू ऱ्हाऊ देणार न्हाय," मोटर चालू करायला आली की म्हणायची. मला आधी हसू यायचं, मग भीती वाटायला लागली. उकळल्यानं आम्ही मरतो, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते दुप्पट दाट होतं. पण मी ओरडून सांगणार कसं?

दीड महिन्याची असताना पोरीचे ओठ निळे पडले, धाप लागली. बारामतीला दवाखान्यात पळवली. चार दिवस विहिरीवर कुणी फिरकलं नाही. पोरगी जगली का मेली, मला काही कळेना. फार वाईट गेले ते दिवस.

पाचव्या दिवशी रणजित आला, तो जंतू मारायच्या टीसीएल पावडरीची बादली घेऊनच. "पोरगी वाचली, पर आता हिरीत एकबी जंतू ठेवत न्हाय!" मी दगडाला घट्ट चिकटलो. तेवढ्यात मागून स्वरूपा धावत आली.

"अवो, थांबा! डॉक्टर काय म्हणालं? ह्यो जंतूंचा आजार न्हाय, पाण्यात नायट्रेट हाय, त्यानं तान्ह्या लेकराच्या रक्तात हवा टिकत न्हाय. उकळून उकळून मीच दाट करून पाजलं तिला." तिला रडू आवरेना.

"मग ते आलं कुठनं?"

स्वरूपानं पाटाकडच्या रिकाम्या पोत्यांकडं बोट केलं.  रणजितनं बादली उचलली आणि तशीच परत घरी नेली.

छकुली आता चालायला लागलीय. तिच्यासाठी बाहेरून तपासलेलं पाणी येतं. रणजितनं युरिया निम्मा केला, पाचट सरीत कुजवलं. परवा पाणी तपासल्याचा कागद घेऊन तो काठावर बसला होता.

"वर्स झालं की गं, तरी नायट्रेट तेवढंच हाय!"

"कधी पिता यील मग?" स्वरूपानं विचारलं.

अरे रणजित, तू आत्ता थांबलास. गेल्या दहा वर्षांतलं अजून मातीतून खाली उतरतंय. तुमच्या पाचटाचा रस पोचतोय, आम्ही कामाला लागलोय. तरी छकुली शाळेत जाईस्तोवर धीर धर. आणि शेजाऱ्याचा ऊस बघून मध्येच पुन्हा पोतं टेकवलंस, तर हे पाणी तिच्या लेकरालाही पाजता येणार नाही.