ओद्दूरच्या नावाने

२०१३ साली आमच्या खोऱ्याने पहिल्यांदा एका बाईला डोंगरराजा केलं. उन्हाळाभर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या सप्टेंबरात खाली आणायच्या, त्या मोहिमेच्या म्होरक्याला आम्ही आइसलँडमध्ये डोंगरराजा म्हणतो. निघायचा दिवस तो ठरवतो आणि सगळी शेतघरं ऐकतात. माझ्या भावाची मुलगी स्टेनवोर तीन मतांनी निवडून आली, तीही वर्षभरापुरती. पुढच्या वसंतात पुन्हा मतदान होतं. बाराव्या वर्षापासून ती डोंगरावर जात होती. तिला दुसरं काही नको होतं.

तोंडावर तिला कोणी काही बोललं नाही. बोलायला खोऱ्याचा फेसबुक गट होता, आणि तो चालवायचा ब्रिन्योल्फर. त्याचा बाप बावीस वर्षं डोंगरराजा होता.

सोमवारी स्टेनवोरने गटावर लिहिलं, "शुक्रवारपासून बर्फ पडेल. नेहमीच्या शनिवारची वाट बघू नका, बुधवारीच निघू."

ब्रिन्योल्फरने खाली लिहिलं, "राणीसरकारांना शनिवारी केस धुवायचे असतील." त्यावर सत्तेचाळीस हसरे चेहरे उमटले. त्यांत माझ्या विणकाम मंडळातल्या दोघी होत्या. मग कोणीतरी कोंडवाड्यात मेंढीवर वाकलेल्या स्टेनवोरचा पाठमोरा फोटो टाकला. त्याखाली काय काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही.

माझ्या लहानपणी सगळ्या शेतघरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. एक बोलला की दहा घरं कान लावून ऐकायची. तेव्हाही बायकांचं हसं व्हायचं. पण आवाज ओळखू यायचा, आणि रविवारी चर्चबाहेर गाठून त्या माणसाला जाब विचारता यायचा.

मंगळवारी सकाळी स्टेनवोर माझ्याकडे आली. कॉफीला तिने हातही लावला नाही.

"तीनच घरं येतो म्हणतायत, आत्या. पाच माणसांत डोंगर पालथा घालता येत नाही."

"ओद्दूरच्या नावाने टाक."

ओद्दूर तिचा नवरा. दुधाचा टँकर चालवायचा.

"माझेच शब्द?"

"कोणी लिहिलं त्याने मेंढ्यांना काय फरक पडतो?"

"मेंढ्यांना नाही पडत," ती म्हणाली.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ओद्दूर म्हणाला, "अगं, मला वारा कुठून येतो तेही कळत नाही."

"कळायला नकोच आहे. फोन दे," स्टेनवोर म्हणाली.

तिने अक्षर न् अक्षर तेच टाकलं. तासाभरात साठ अंगठे आले. ब्रिन्योल्फरने लिहिलं, "शेवटी कोणीतरी शहाण्यासारखं बोललं. बुधवारी निघू."

शुक्रवारी कुंपणाचे खांब बुडेपर्यंत बर्फ पडला. आमच्या मेंढ्या तोवर खाली आल्या होत्या. शेजारच्या खोऱ्यातले लोक आठवडाभर काठ्या खुपसून मेलेल्या मेंढ्या शोधत होते. कोंडवाड्यावर गाणी सुरू झाली तेव्हा दारूची बाटली आधी ओद्दूरकडे गेली.

"अरे, हे खरं तर स्टेनवोरनेच…" तो म्हणाला.

"बायकोला भितोय बिचारा," ब्रिन्योल्फर म्हणाला. सगळे हसले. ओद्दूरही हसला आणि त्याने घोट घेतला. स्टेनवोर समोर उभी राहून मेंढ्यांच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा तपासत होती. तिने वर पाहिलं नाही.

वसंतात ओद्दूर डोंगरराजा झाला. नाव दुसऱ्यांनी सुचवलं होतं, पण त्याने नाहीही म्हटलं नाही. स्टेनवोरला चार मतं पडली. त्यातलं एक माझं.

ओद्दूरने तीन शरद काढले. चौथ्या वर्षी धुक्यात दोन माणसं चुकली, सापडली, आणि त्याने पद सोडलं. ते ब्रिन्योल्फरने घेतलं. गट अजून तोच चालवतो. त्याची मुलगी जनावरांची डॉक्टर झाली आहे. ती गटावर एक अक्षर लिहीत नाही. स्टेनवोरने मेंढ्या विकल्या, ओद्दूरला सोडलं, आणि आता अकुरेरी शहरात शाळेची बस चालवते. नाताळात मला कार्ड पाठवते. त्यावर नुसतं तिचं नाव असतं.

मी शहाऐंशी वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. ओद्दूरला हवामान कसं अचूक कळायचं, ही गोष्ट इथेही सांगतात. ते शब्द स्टेनवोरचे होते आणि नाव बदलायला मी सांगितलं होतं, असं मी म्हटलं की नर्स माझी उशी सारखी करते.