कोरडा सांधा

सकाळपासून तिसऱ्यांदा चेतनानं डोलकाठीच्या सांध्यावर साबणाचं गरम पाणी ओतलं, आणि तिसऱ्यांदा ते पाणी आत न शिरता छताच्या उतारानं मोरीकडे चालतं झालं. बीरगांवच्या त्या छतावर वीस फुटी ॲल्युमिनियमची डोलकाठी कठड्यालगत आडवी पडली होती. खालचा जाड तुकडा, त्याच्या तोंडात शिरलेला वरचा बारीक तुकडा, आणि दोघांत अशी घट्ट मिठी, की वेगळे होण्याची आठवणच त्यांना उरली नसावी.

दुपारी दोनला शिडाच्या होड्यांच्या क्लबाची जीप येणार होती. भोपाळच्या तलावावर एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड होती, आणि चेतनाचं हे अखेरचं वर्ष. होडी तिथली मिळणार. शीड आणि डोलकाठी मात्र ज्याची त्यानं आणायची. जीपच्या टपावर बारा फुटांपलीकडचं काही चढत नसे. सांधा सुटला तर जायचं. नाही सुटला तर शीड घडी घालून ठेवायचं, कायमचं.

उलट्या बादलीवर बसून दयाराम लेकीचे हात पाहत होता. रेल्वेच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं त्यानं वॅगनी खोलल्या आणि जोडल्या होत्या. धातूचं मौन त्याला वाचता येई. आजचं तर त्याला पाठच होतं, म्हणूनच तो बोलत नव्हता.

“मैंने बोला था ना बाबा, अलग-अलग रखना, सूखा रखना.” चेतनानं दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधला आणि पाय रोवून ओढलं. तळव्याची साल निघाली. काठी हलली नाही.

“ओढू नको. ओढलं का अजून फसते,” तो म्हणाला.

“तो फिर क्या करूं? आरती उतारूं?”

जिन्यातून शांता उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन वर आली. “अवो, बसून काय राहिले? जिंदगीभर सरकारचे डबे खोलले, घरचा एक पाइप नाही खुलत तुमच्यानं?”

दयाराम उठला. चाकावर पोलादी धाव चढवताना आधी धाव तापवायची, म्हणजे ती फुगते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्यानं वरच्या तुकड्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि खालच्या तुकड्याच्या तोंडावर उकळतं पाणी सोडलं. सांधा सुटला नाही. पण फटीतून एक थेंब बाहेर आला; काळा, जाड, सावकाश.

चेतनानं तो बोटावर घेतला, हुंगला. “ये क्या है?”

इथूनतिथून उडत आलेली घाण आहे, असं म्हणता आलं असतं. बीरगांवात ते कुणालाही पटलं असतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ इथे वाळत घातलेल्या पापडांनाही सोडत नाही. दयारामनं लेकीच्या सोललेल्या तळव्याकडे पाहिलं.

“ग्रीस हाय. म्या लावलं.”

“कब?”

“तुही बारावीची परीक्षा चालू होती तवा. कोरडा सांधा म्हणजे उपाशी सांधा, असं आमचे मिस्त्री सांगत. दोन्ही तुकड्यांले ग्रीस चोपडलं, खाली जाऊन जेवलो, मंग वर येऊन जोडलं. एकही तुकडा हरपू नये म्हणून.”

“खुल्ला ठेवून जेवाले गेले?” शांतानं कपाळावर हात मारला. “तासभर त्यानं पुऱ्या सिलतऱ्याची धूळ खाल्ली असन!”

चेतनानं काळं बोट गोणपाटाला पुसलं. दयाराम तिच्यासमोर उभा होता. एखाद्या साहेबासमोरही तो कधी इतका ताठ आणि इतका लहान उभा राहिला नव्हता. मग ती म्हणाली, “तो मैं सुबह से पानी किसको पिला रही थी? ग्रीसवर पाणी चालते काय बाबा? आधी सांगतलं असतं तर...”

“हव. चुकलंच,” तो म्हणाला. “आता डिझेल पाहिजे.”

शेजारच्या दत्तोपंतांच्या मालवाहू ऑटोतून शांतानं बाटलीभर डिझेल मागून आणलं. बापलेकीनं डोलकाठी जिन्याच्या खोलीला तिरपी टेकवली, फट वर येईल अशी, आणि दयारामनं चिंधीतून थेंबथेंब डिझेल आत सोडलं. हातोड्याच्या लाकडी मुठीनं तो सांध्याभोवती हलकेच ठोकत राहिला. बारा वाजले, साडेबारा वाजले. ऊन पत्र्यासारखं तापत गेलं. फटीतून आता पातळ काळं पाणी झिरपू लागलं होतं.

मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि दोन्ही तुकड्यांवरून आरपार एक सरळ रेघ ओढली.

“ये किसलिए?”

“हात खोटं बोलतात, पोट्टी. हाललं असं वाटते, हालत नाही. रेघ खोटं बोलत नाही.”

दोन्ही तुकड्यांना दोराचे आवळून तीन-तीन वेढे दिले, वेढ्यांत एकेक दांडका अडकवला. शांतानं सांध्यावर उकळतं पाणी धरलं. “ओढायचं नाही, पिळायचं,” दयाराम म्हणाला. “तू तिकडे, मी इकडे.” पहिल्यांदा दोर सरकला. दुसऱ्यांदा दांडका निसटून त्याच्या गुडघ्यावर बसला. त्यानं गुडघा चोळला नाही. वेढे पुन्हा आवळले. तिसऱ्यांदा चेतनाच्या घशातून आवाज निघाला, आणि शांता ओरडली, “रेघ तुटली!”

केसाएवढी. पण तुटली होती. एकच रेघ आता दोन होती, शेजारी शेजारी, एकमेकींना चुकलेल्या.

उलट, सुलट, पुन्हा उलट. दीड वाजून गेल्यावर वरचा तुकडा ओल्या, खोल आवाजासह बाहेर आला, आणि चेतना त्याच्यासकट मागे जाऊन बसली. काळ्या लगद्यानं माखलेल्या हातांनी फडकं घेऊन तिनं आधी सांधा पुसला, मग कपाळ. फडकं तिनं वडिलांकडे फेकलं. “सूखा, बाबा. एकदम सूखा.”

तो पुसत राहिला. फडक्यावर काळं येणं थांबलं, तरी पुसत राहिला.

खाली जीपचा हॉर्न वाजला. दोन्ही तुकडे खांद्यावर घेण्याआधी दयारामनं चेतनाच्या पिशवीची चेन उघडली, शिडाच्या घडीखाली हात घातला, आणि सकाळीच गुपचूप ठेवलेला ग्रीसचा छोटा डबा बाहेर काढला.

चेतना पाहतच राहिली. “ये भी रखा था?”

“हव,” तो म्हणाला, आणि डबा खिशात घालून पायऱ्या उतरू लागला.