तहकूब

आदिनाथच्या बोलेरोच्या काचेवर लाल अक्षरांत ‘सरपंच’ असं लिहिलेलं होतं. आता तो सरपंच नव्हता, ही गोष्ट वेगळी. करंजवाडीची सरपंच होती त्याची बायको, राजेश्वरी. पद महिलांसाठी राखीव निघालं तेव्हा आदिनाथला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. मग त्यानं बायकोचा अर्ज भरला, फ्लेक्सवर तिच्यापेक्षा आपला फोटो मोठा छापला आणि ती निवडून आल्यावर हारही आपल्याच गळ्यात घालून घेतले. गाव त्याला ‘सरपंच’ म्हणायचं आणि खऱ्या सरपंचाला ‘वैनी’. वैनी सह्या करायच्या. आदिनाथच्या मते कारभार झकास चालला होता.

पहिला खडा लागला तो वडगावला. नव्या सरपंचांचं प्रशिक्षण होतं आणि शिकवायला तळेगावच्या निवृत्त शिक्षिका इंदिराबाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “करंजवाडीचे सरपंच कोण?” आदिनाथनं सवयीनं हात वर केला.

“अरे वा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलात?”

सगळं सभागृह हसलं. आदिनाथ लाल झालेले कान घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसला, त्यामुळे पुढचं त्याला अर्धवटच ऐकू आलं. बाई सांगत होत्या, पूर्वी गावच्या पंचायती सरकारच्या मर्जीवर असायच्या. मनात आलं तर निवडणूक, नाही तर वर्षानुवर्षं नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ते बदललं. पाच वर्षांनी निवडणूक घ्यायचीच, बायकांच्या जागा ठेवायच्याच, आणि मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सभासद, मग त्याच्या नावावर जमीन असो की नसो. शेवटी बाई राजेश्वरीकडे वळल्या. “ही खुर्ची तुम्हाला नवऱ्यानं दिलेली नाही हं. आमदारानं नाही, सरकारनंही नाही. राज्यघटनेनं दिलीय. तेव्हा तिच्यावर नीट टेकून बसा.”

परतताना कान्हे फाटा मागे पडल्यावर राजेश्वरीनं विचारलं, “अवो, ग्रामसभेला मानसंच आली न्हाई तर काय करत्यात?”

आदिनाथ खुलला. हा त्याचा हातखंडा विषय. “तहकूब! अध्यक्षानं म्हनायचं, सभा तहकूब. मग तीच सभा परत भरवायची. दुसऱ्या टायमाला किती मानसं आली त्ये कोन मोजत न्हाई. धा टाळकी बसली तरी ठराव मंजूर.”

“आन परत कवा भरवायची त्ये कोन ठरिवतं?”

“अध्यक्ष ठरिवतो की. म्हंजी मी सांगीन त्ये तू म्हनायचं.”

“बरं,” राजेश्वरी म्हणाली.

ती विचारत होती त्याला कारण होतं. किल्ल्याच्या पायथ्याला गावाच्या मालकीचा माळ होता. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं गडावर चढायची आणि त्या माळावर गावातल्या बाया कणसं भाजायच्या, सरबत विकायच्या. आदिनाथच्या आईनं, सरुबाईनं, तिथंच चूल मांडून त्याचं आयटीआयचं शिक्षण केलं होतं. आता लोणावळ्याच्या श्रीयश नावाच्या ठेकेदाराला तो माळ गाड्यांच्या पार्किंगसाठी हवा होता. कुंपण घालणार, फाटक बसवणार, आत बाया नकोत. आदिनाथनं त्याला शब्द दिला होता. शब्द सरपंचाचा होता, त्यामुळे तो मोडणं म्हणजे नाक कापून घेणं.

माळ द्यायला ग्रामसभेचा ठराव लागणार होता. त्यानं ग्रामसभा लावली शनिवारी भर दुपारी, म्हणजे अख्खं गाव गिऱ्हाइकांत गुंतलेलं असताना. ठरल्याप्रमाणे कोणी आलं नाही. सभागृहात आदिनाथची चार माणसं, ग्रामसेवक संदेश आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर राजेश्वरी. आदिनाथ तिच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. संदेश म्हणाला, “गणसंख्या नाही, वैनी.”

आदिनाथनं हळूच खूण केली. राजेश्वरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सभा तहकूब,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

“अर्ध्या तासानं...” आदिनाथ कुजबुजला.

“तहकूब सभा सोमवारी सांच्याला, देवळाम्होरं. लिवून घ्या, भाऊसाहेब. दवंडी द्या. आन सोमवारी सकाळी आदी बायांची सभा.”

आदिनाथनंच शिकवलेला एकुलता एक शब्द बायकोनं असा वापरला होता की त्याला धड रागवताही येईना. घरी जाऊन मात्र तो भडकला. “माजा शब्द गेला त्येचं काय?”

राजेश्वरी भाकरी थापत होती. “तुमचा शब्द तुमी द्या की. माळ तुमचा हाय व्हय? गावाचा हाय. गाव म्हनलं द्या, तर मी सोता सही करीन.” मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, “आन न्हाई म्हनलं, तर कुनाच्याबी सांगन्यावरनं करनार न्हाई.”

सोमवारी देवळासमोर सतरंज्या पुरल्या नाहीत. आदिनाथनं आयुष्यात एवढी ग्रामसभा पाहिली नव्हती, आणि पाहणार कशी? त्याची हुशारी सगळी ती रिकामी ठेवण्यात गेलेली. राजेश्वरीनं ठराव वाचायला लावला. बाजूनं बोलणाऱ्यांना तिनं पोटभर बोलू दिलं. गलका झाला तेव्हा तिनं नुसता हात वर केला आणि माणसं बसली. हौशीराम आबांनी तर बायकांनी सभेत बोलण्यावरच नाराजी काढली. ती शांतपणे म्हणाली, “आबा, तुमचं झालं. आता कणसंवाल्या मावशीला बोलू द्या.” आबा बसले! चाळीस वर्षांत आबांना कोणी बसवलं नव्हतं.

हिला हे कधी आलं, आदिनाथला कळेना. मग त्याला वाटलं, आधीपासूनच येत असेल, दाखवायला जागाच नव्हती. ती जागा आपण दिली असं तो समजत होता. त्याचा ऊर भरून आला, आणि ते लपवायला त्यानं उगाच मोबाईल काढला.

“ठरावाच्या बाजूनं हात वर करा,” राजेश्वरी म्हणाली. चार माणसांनी आदिनाथकडे पाहिलं. त्याचा हात अर्धा वर गेला, तिथं घुटमळला आणि डोक्यावरून फिरून मांडीवर आला. मग विरोधात हात वर झाले. पहिला हात सरुबाईचा, मनगटावर चुलीचा जुना डाग असलेला. त्यामागे इतके हात की संदेश मोजता मोजता चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला.

तेवढ्यात आदिनाथच्या हातातला मोबाईल वाजला. श्रीयश होता. “सरपंच, काय झालं आपल्या माळाचं? मंजूर ना?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. आदिनाथ उठला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं.

“थांबा,” तो म्हणाला, “सरपंचांना देतो.”

आणि गर्दीतून वाट काढत त्यानं मोबाईल राजेश्वरीच्या हातात दिला.