शब्द दिलेली खोली

पाटी माझ्या मुलानं, स्वानंदनं, पुण्याहून करून आणली होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं, ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी’. मी म्हटलं, अरे, अकोल्यातले पाट्या रंगवणारे काय संपावर गेले? पण माझं कोण ऐकतं! चैत्रात मी न्हाणीघरात पडले. दोन तास तशीच पडून होते. मागच्या दाराची किल्ली पार्बताबाईंकडे असते, त्या भांड्याला आल्या तेव्हा त्यांनी उचललं. तेव्हापासून घरातला माझा अधिकार संपला. मुलगा म्हणाला, आई, चांगली मुलगी बघून ठेव, सोबत होईल.

आमचे हे, मोरोपंत, वकील होते. सकाळ-संध्याकाळ पक्षकारांची ये-जा, चहा करून करून मी वैतागून जायची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता मी कुकरशी बोलते. शिट्टी झाली की म्हणते, हो बाई, ऐकलं. संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं लावते, बघायला नाही, घरात कोणी बोलून राहिलं असं वाटावं म्हणून.

जूनमध्ये एका मुलीचा फोन आला. अकोटहून बोलते, आमच्या गल्लीमागच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली, खोली बघायची आहे. दुसऱ्या दिवशी आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पण अकोल्याच्या उन्हात कोणती मुलगी गुंडाळत नाही? खोली बघितली, कूलर चालू करून बघितला, खिडकीतला मोगरा बघून खूश झाली. मी चहा केला. टेबलावरची माझी गोळ्यांची डबी तिनं उघडली आणि म्हणाली, काकू, मंगळवारची गोळी तशीच आहे, शुगर किती असते तुमची? असं मला कोणी विचारून वर्ष झालं असेल. तासभर आम्ही बोललो. मी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग पोलीस ठाण्यात भाडेकरूचं नाव कळवावं लागतं म्हणून वही घेतली आणि तिला नाव विचारलं.

“तुबा,” ती म्हणाली. “तुबा हसनैन शेख.”

माझं पेन थांबलं. खरं सांगते, माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही. कुर्बान टेलरनं चाळीस वर्षं माझे ब्लाऊज शिवले. तेव्हाही मी मनातल्या मनात हेच घोकलं, जसं काही कोणी माझी साक्ष काढून राहिलं होतं. कॉलनीतले काय म्हणतील, स्वानंद काय म्हणेल, देवघर आहे, श्रावण येतो आहे, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. तोंडातून मात्र अगदी गोड आवाज निघाला.

“अगं, मी विसरलेच बघ. मुलानं एकांना शब्द देऊन ठेवला आहे.”

आणि मी हात पुढे केला. तिनं किल्ली माझ्या हातावर परत ठेवली. आपला कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि गेली.

एकतीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. समानतेच्या उत्तरात उदाहरण नसलं की एक गुण कापायची. कडक म्हणून नाव होतं माझं.

गोष्ट तिथंच संपली असती, पण अकोटच्या एसट्या आमच्या घराच्या कोपऱ्यावर थांबतात. रोज सकाळी साडेआठला ती उतरायची. दीड तासाचा प्रवास करून यायची, संध्याकाळी परत दीड तास. लॅबला जायला रस्ता एकच, माझ्या गेटवरून. आणि गेटवर पाटी. काढावी तर दुसरी मुलगी येणार कशी? ठेवावी तर ही वाचणार. मी ठेवली, अन् पडद्यामागं उभी राहून बघायची. पहिले काही दिवस ती पाटीकडे बघायची. मग पलीकडून जायला लागली. तिकडे नालीचं काम चालू होतं, नुसता चिखल, पण जायची तिकडूनच. दुसऱ्या दोन मुली येऊन गेल्या. एकीला खोलीत नेटवर्क नव्हतं, एकीच्या आईला पश्चिमेची खिडकी नको होती.

एक दिवस भांडी घासता घासता पार्बताबाई म्हणाल्या, “बाई, पाटी तरी काढा. ते पोरगी रोज चिखलातून जाऊन राहिली. मले पाहवत नाई.”

मला असा राग आला! म्हटलं, तुम्ही तुमची भांडी बघा. त्यांनी बघितली, चांगली आदळून आदळून बघितली. त्या गेल्यावर मी पक्कड घेतली, तार कापली आणि पाटी पलंगाखाली टाकली. मग बसून रडले. राग पार्बताबाईंचा नव्हताच.

स्वानंदला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, लोकांचं बोलणं तुला झेपेल का? मी म्हटलं, न्हाणीघरातून मला लोकांनी नाही उचललं. दोन दिवस आरशासमोर तालीम केली. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन चिखलाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती आली, मला बघून थबकली.

“तुबा, मी खोटं बोलले होते,” मी म्हटलं. “कोणालाच शब्द दिला नव्हता. तुझं नाव ऐकलं आणि मी फिरले. मला त्याची लाज वाटते. खोली तुझीच आहे. येशील का?”

तिनं माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं.

“काकू, उशीर झाला. अब्बांनी इथं एकांना शब्द देऊन ठेवला आहे. सोमवारीच गेले मी तिकडे राहायला.”

मी म्हटलं, बरं झालं बाई, तुझा त्रास वाचला. तिनं मान हलवली आणि गेली. मी दिवसभर स्वतःला समजावत होते, तिला घर मिळालं ना, मग झालं तर. तरी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेले. थांब्यावर तुबा उभी होती, खांद्याला तीच डब्याची पिशवी. अकोटची गाडी आली. तिनं मला बघितलं. ती नजर चुकवेल असं मला वाटलं, पण ती सरळ माझ्याकडे बघत राहिली. सकाळी तिनं माझेच शब्द मला परत दिले होते, आणि ते मला आत्ता समजलं. माझ्यासारखा गोड आवाज मात्र तिनं काढला नव्हता.

एक पाय पायरीवर ठेवून ती थांबली.

“गोळ्या घेऊन राहिल्या ना, काकू?”

तीन दिवसांच्या गोळ्या डबीत तशाच पडून होत्या.

“हो, घेते ना,” मी म्हटलं.

गाडी निघून गेली. तेही मी खोटंच बोलले होते.