आंबनाल्याची पितरज्योत

शनिवारी संध्याकाळी आंबनाल्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा कॅम्प बारा तंबूंचा, आणि माणूस जमलं होतं दोनशेच्या वर. नागपूरहून मोटारी आल्या होत्या, काटोलकडून टेम्पो भरून लोक आले होते. सगळे थंडीत कान बांधून एका डोहाकडे टक लावून बसले होते. डोह कसला, खडकातला खळगा. गुडघाभर पाणी. म्हशीला त्यात नीट बसता आलं नसतं.

डोहापलीकडे वाघाच्या कातड्याची छपाई असलेली चादर अंथरून जलज्योतीबाबा बसले होते. भोवती लोबानाचा इतका धूर की बाबांची दाढी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा.

"जल में अग्नी, अग्नी में आत्मा," बाबा म्हणाले. "विज्ञान इथं हात जोडते, बेटा. मनीषनगरहून कोण आलं आहे? ज्याची आई दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली?"

एक माणूस गर्दीतून उठला आणि उभ्या उभ्याच रडायला लागला. बाबांनी ओंजळभर झेंडूची फुलं डोहात सोडली. पाण्याला बुडबुडे आले. बाबांनी कापराची आरती पाण्यावरून ओवाळली, आणि पाणी पेटलं. खोटं कशाला सांगू, खरंच पेटलं. पिवळी, काजळी सोडणारी वीतभर ज्योत पाण्यावर नाचत राहिली. बाबांनी सांगितलं की आई तृप्त आहे, फक्त मोठ्या सुनेनं सोमवार सोडू नये. मोठी सून कोण, हे त्या माणसानं आपण होऊन सांगितलं.

नियम असा होता. ज्योत बराच वेळ जळली तर पितर तृप्त. लगेच विझली तर पितर उपाशी.

शेवटी बाबांनी प्रयागबाईंना बोलावलं. प्रयागबाई म्हणजे आमच्या कॅम्पवर स्वयंपाक करणारी बाई, वय साठीच्या आसपास. त्या दिवशी तिला दोघींनी धरून आणलं, कारण बाबांच्या सांगण्यावरून नऊ दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. बाबांनी फुलं सोडली, आरती ओवाळली. ज्योत भप्पकन पेटली आणि विझली.

"शालिकराम अजून भुकेला आहे, माई," बाबा म्हणाले. "तो उपाशी गेला, तू खाऊन कशी बसशील? त्याची ज्योत पूर्ण जळेपर्यंत अन्न नाही. फक्त हे पितृदूध." त्यांनी डोहाच्या काठावरची पांढरी साय बोटावर घेतली आणि तिच्या जिभेवर ठेवली. प्रयागबाईंनी डोळे मिटून ती गिळली.

मी फाटकाजवळच्या खोपीत बसून हे पाहत होतो.

मी या कॅम्पचा राखणदार. सगळे मला नानाजी म्हणतात. तीस वर्षं हिंगण्याला एका वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डरचा हेल्पर होतो. बायको, कांताबाई, एकोणपन्नासाव्या वर्षी तापानं गेली. मूलबाळ नाही. ती गेल्यावर संध्याकाळ कशी घालवावी ते कळेना, म्हणून कामगार वस्तीतल्या प्रौढ वर्गात जाऊन बसलो आणि तिथं अक्षरं शिकलो. चार वर्षांपूर्वी कॅम्पचा मालक जितेंद्र यानं इथं डोंगरात नाल्याकाठी तंबू टाकले, तेव्हा त्याला रजिस्टर लिहिणारा आणि एकटा राहू शकणारा माणूस हवा होता. दोन्ही मला जमत होतं.

सोमवार ते गुरुवार इथं चिटपाखरू नसतं. फोनला रेंज नाही. नाल्याचा आवाज, प्रयागबाईंच्या चुलीचा धूर, बस. शहरातली माणसं शुक्रवार-शनिवारी येतात, शेकोटीजवळ बसून गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे खातात, आणि अंधार पडला की काय होतं कोण जाणे, मन मोकळं करतात. कोणाची आई गेली, कोणाचा भाऊ गाडीवरून पडला. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना 'शेरा' होता. त्यात काय लिहायचं ते जितेंद्रनं कधी सांगितलं नाही. हात वळावा म्हणून मी तिथं ऐकलेलं लिहायचो. 'आई दिवाळीआधी आठ दिवस वारली. मोठ्या सुनेचं पटत नव्हतं.' असं.

प्रयागबाईंचंही लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात तिचा नवरा शालिकराम याच नाल्यातून पलीकडे जाताना वाहून गेला. त्या सकाळी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून दोघांचं भांडण झालं आणि तो न जेवता निघाला. भांडणाचं तिनं मला एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापताना, माझ्याकडे न पाहता.

आणि एक गोष्ट लिहायचो, ती सांगायला लाज वाटते. तंबू नंबर सात गळका, तो कोणाला देत नाही. दर शनिवारी पानाच्या शेवटी मी त्याच्यापुढे लिहायचो: कांताबाई, मुक्काम हिंगणा. वयही लिहायचो. दर जानेवारीत एक वर्ष वाढवायचो. शेऱ्यात लिहायचो, 'आली असती तर चहा दिला असता.'

बाबा दिवाळीनंतर आले. जितेंद्रनं त्यांना एक भगवा तंबू फुकट दिला. बाबा दर गुरुवारी रात्री यायचे आणि रविवारी परत जायचे. आले की माझ्या खोपीत बसायचे, खिळ्यावरचं रजिस्टर काढून चाळायचे. म्हणायचे, "नानाजी, क्या मोती जैसे अक्षर." मला बरं वाटायचं. माझं लिहिलेलं इतक्या मन लावून वाचणारा हा पहिलाच माणूस होता. तरी दोनचार वेळा मी जितेंद्रला म्हणालो की प्रयागबाईचं काही खरं दिसत नाही, बाबाला आवर घाल.

"नानाजी, पब्लिक येऊन राहिली ना गा," तो म्हणाला. "तुमचं काय जाते?"

त्या शनिवारी गर्दी पांगल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन थांबले. डोळे मिटले. म्हणाले, "सात नंबरच्या तंबूतून आवाज येत आहे. एक माता. एकसष्ट वर्षांची. कांताबाई. म्हणते, तुम्ही बाहेर काहून बसता, आत या."

बारा वर्षांत ते नाव माझ्यासमोर कोणी घेतलं नव्हतं. मी गेलो. सात नंबरमध्ये जाऊन ओल्या सतरंजीवर बसलो. अंधश्रद्धेवर हसणं सोपं असतं, पण त्या वेळी मला हसू येत नव्हतं. पुढच्या शनिवारी आपलीही ज्योत लावावी, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

सकाळी चहा ठेवताना मनात आकडा आला. एकसष्ट. कांताबाई गेली तेव्हा एकोणपन्नासची होती. मेलेल्या माणसाचं वय वाढत नाही. ते जगात एकाच ठिकाणी वाढत होतं, माझ्या रजिस्टरात.

मी चहा तसाच ठेवून रजिस्टर काढलं. मनीषनगरची आई. मोठी सून. शालिकराम उपाशी गेला. बाबांनी डोहाकाठी सांगितलेली एकूण एक गोष्ट माझ्या हातची होती. ज्या दुःखाला लोक आत्म्याचा आवाज समजले, ते मी लिहून खिळ्याला टांगून ठेवलं होतं.

मग डोहाकडे गेलो. बाबा तंबूत घोरत होते. लोबानाचा धूर सकाळी नव्हता, त्यामुळे वास स्वच्छ आला. लसूण सडल्यासारखा. काठावरचं पितृदूध बोटांत चोळलं आणि मला हिंगण्याचं वर्कशॉप आठवलं.

पूर्वी वेल्डिंगचा गॅस आम्ही तिथंच बनवायचो. ड्रममध्ये पाणी, पाण्यात कार्बाइडचे खडे. खडा पाण्यात पडला की बुडबुडे येतात, गॅस निघतो, आणि काडी दाखवली की पेटतो. मागे उरतो पांढरा चिखल, म्हणजे चुनाच. दर शनिवारी ड्रम धुवायचं काम माझं. तो चिखल आम्ही घमेल्यात भरून घरी न्यायचो आणि दिवाळीला भिंती पांढऱ्या करायचो. कांताबाई तीन दिवस नाकाला पदर लावून फिरायची.

भिंतीला लावायचा चुना प्रयागबाई इतके दिवस उपाशीपोटी गिळत होती.

नुसतं सांगून तिला पटलं नसतं, आणि रविवारी काटोलची दुकानं बंद असतात. सोमवारी पहिल्या बसनं काटोलला गेलो. एका वेल्डिंगच्या दुकानात जुना ड्रम दिसला, तिथून मूठभर खडे डब्यात घेऊन दुपारी परत आलो. प्रयागबाई चुलीजवळ आडवी होती. ओठ फाटले होते, जिभेवर फोड आले होते. मी तिच्यासमोर पातेल्यात पाणी घेतलं, खडा टाकला आणि चुलीतलं जळतं काटूक वरून फिरवलं. पातेलं पेटलं.

ती उठून बसली.

"हे कोणासाठी लावलं, नानाजी?"

"कोणासाठीच नाही वं. खडा आहे. मोठा टाकला की जास्त जळते, बारका टाकला की भप्पकन विझते. तुमच्या वेळी तो बारका टाकते."

"मंग हे आले नव्हते?"

मी म्हणालो, "नाही आले."

"भांडणाचं कोणी सांगतलं त्याले?"

"मी. लिहून ठेवलं होतं. त्यानं वाचलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "तीन वर्षं झाले," ती म्हणाली, "इतके दिवस तरी ते नाल्यात हायत असं वाटलं. तेबी तुमाले पाहवलं नाई." मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दूध आणून ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही, पण बाबांनी रोजच्यासाठी दिलेली पितृदुधाची पानाची पुडी तिनं चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी ताक घेतलं. त्याहून जास्त काही नाही. माझ्याशी ती बोलली नाही, आणि सोमवार ते गुरुवार इथं बोलायला दुसरं कोणी नसतं.

पुढच्या शनिवारी गर्दी आणखी वाढली. मी डबा घेऊन डोहाकडे निघालो, तेव्हा प्रयागबाई वाटेत उभी होती. तिनं हात पुढे केला. मी डबा दिला.

बाबांनी तिला पाहून सुरू केलं की आज माईची परीक्षा पूर्ण होणार, आज शालिकराम बोलणार. प्रयागबाई सरळ डोहात उतरली. पदराखालचा डबा काढला, त्यातला सगळ्यात मोठा खडा पाण्यात सोडला आणि बाबांच्या हातातली आरती घेऊन ओवाळली. हातभर ज्योत उठली. लोकांनी हात जोडले.

"हे ज्योत माह्या शेळीची आहे," प्रयागबाई म्हणाली. "मागच्या पोळ्याले मेली. पाहा किती तृप्त आहे."

आधी कोणी हसलं नाही. मग मागून एक बाई हसली, आणि ते हसू पसरत गेलं. बाबा म्हणाले की नास्तिकाच्या हाताची आग वेगळी असते. "तर मग तुमची लावा," मी म्हणालो, "पण झोळी बाजूला ठेवून, आणि लोबान विझवून." बाबांनी झोळी पोटाशी घट्ट धरली. काटोलच्या एका वेल्डरनं ती ओढली. फुलांखाली घट्ट झाकणाचा डबा निघाला, आणि डब्यात खडे. बारके वेगळ्या पुडीत होते.

मी रजिस्टर उघडून मनीषनगरच्या माणसापुढे धरलं. त्यानं आपल्या आईबद्दलच्या दोन ओळी वाचल्या. मला वाटलं तो मला मारेल. तो फक्त म्हणाला, "हे मी तुम्हाला सांगितलं होतं, नानाजी." मी हो म्हणालो आणि त्याची माफी मागितली. मग शेऱ्याचा रकाना भरलेली सगळी पानं सगळ्यांसमोर फाडून शेकोटीत टाकली. सात नंबरच्या ओळीही त्यात गेल्या.

बाबांना लोकांनी पोलिसांच्या हवाली केलं. जितेंद्र महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. गर्दी गेली, कॅम्प पुन्हा बारा तंबूंचा झाला.

बाबा पकडले गेले त्या रात्री मी चुलीजवळ गेलो तेव्हा प्रयागबाईनं भात टाकला होता. तिनं स्वतःच्या ताटात मऊ भात घेतला, वर वरण घेतलं आणि घास हातात धरून थांबली.

"मी खाल्लं तर ते उपाशी राहत नाई ना?"

"गेलेल्या माणसाले भूक लागत नाही, प्रयागबाई. भूक आपल्याले लागते."

तिनं घास तोंडात घातला. जीभ भाजल्यासारखं तोंड केलं, आणि गिळला.

ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांना मी एवढंच सांगतो. तुमची आठवण खरी आहे, तिला कोणाच्या ज्योतीची साक्ष लागत नाही. पण कोणी ते माणूस पाण्यात, धुरात किंवा आरशात दाखवतो म्हणाला, तर आधी विचारा की याला आपल्या घरचं कोणी सांगितलं. धूर बाजूला करून वास घ्या. जे करून दाखवलं ते त्याचं सामान दूर ठेवून पुन्हा करायला लावा. आणि तो तुम्हाला उपाशी राहा, औषध सोडा, घरच्यांना सांगू नका म्हणाला, तर तिथून उठा. डॉक्टरकडे जा, शेजाऱ्याकडे जा, कोणाकडेही जा. एकटे बसू नका. एकटं बसलेलं माणूस काहीही खरं मानतं. मी मानलं होतं, एक पूर्ण रात्र.