चार माणसांची ऊब

या सगळ्यात मिस्त्रींना मिळण्यासारखं होतं ते एवढंच: 'घरातली माणसं' या रकान्यात त्यांना चार लिहायला मिळणार होतं. दोन लिहिलं असतं तर मोठा बॉयलर आला असता, घर गरम राहिलं असतं आणि बायकोच्या गुडघ्यांनी दुवा दिला असता.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी बॉयलर बसवले. घर उबदार राहावं म्हणून पाणी तापवायचं, नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवायचं, हा त्यांचा धंदा. हिशेब सगळा बीटीयूत, म्हणजे उष्णतेच्या जुन्या मापात. खिडकीतून तासाला इतके जातात, छतातून इतके. आणि घरातलं प्रत्येक माणूस नुसतं बसल्या बसल्या तासाला चारशे परत देतं. हे चारशे वजा करायची रीत त्यांच्या उस्तादाची. आता ती कुणी पाळत नाही, मिस्त्री पाळत. "माणूस म्हणजे फुकटची शेगडी," असं गिऱ्हाइकाला ऐकवत. भरल्या घरात त्यावर हमखास हशा पिकायचा.

थंडीच्या तोंडावर त्यांच्या स्वतःच्याच घरचा बॉयलर कायमचा बंद पडला. नवे सगळे किलोवॅटमध्ये: पाचचा घ्या, नाहीतर सहाचा. मिस्त्री कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसले ते उठेचनात.

"अहो, लोकांची घरं अर्ध्या तासात उरकायचात की!" त्यांच्या बाई म्हणाल्या.

"ती लोकांची होती."

घरातून बाहेर जाणारी उष्णता तासाला अठरा हजार दोनशे बीटीयू. त्यातून दोन माणसं वजा करून, एका किलोवॅटचे होतात त्या तीन हजार चारशे बाराने भागलं की यायचे पाच पूर्णांक एक किलोवॅट. म्हणजे सहाचा घेणं आलं. चार वजा केली की पाचच्या आत, पाचचा पुरत होता. थोरला मुलगा परदेशी, धाकटी मुलगी त्याच्याही पलीकडे. थोरला "बघतो" म्हणाला होता. धाकटी "यंदा नक्की" म्हणाली होती, आणि हे ती सलग तिसऱ्या वर्षी म्हणत होती. सहाचा घेणं मिस्त्रींना जड नव्हतं. जड होतं ते दोन लिहिणं.

बॉयलरच्या दुकानातल्या पोरीने मिस्त्रींचा तक्ता वाचून मान वर केली. "काका, चार कोण? तुम्ही आणि काकूच ना?"

"मुलं यायचीत."

"मग ते पाहुणे झाले. पाहुणे वजा करत नाहीत हो."

"पाहुणे कुणाला म्हणतेस गं?"

पोरीने तक्ता ठेवून घेतला. पण मिस्त्री आत नळ्या निवडायला गेले तसा तिने त्यांच्या घरी फोन लावला. "काकू, काकांनी माणसं चार धरलीत. कडाक्याच्या दिवसांत पाचचा कमी पडेल. पाचचा संपलाय असं सांगून सहाचा पाठवू?"



"पाचचाच दे," पलीकडून बाई म्हणाल्या.

"अहो, पण तुमचे गुडघे? डॉक्टरांनी ऊब सांगितलीय ना?"

"माझे गुडघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी चार लिहिलंय ना? मग मी कशाला खोडू?"

पाचचा आला. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवला आणि कुठे थेंब गळला नाही. थंडी वाढली तसा तो दिवसभर न थांबता चालू राहिला, तरी खोल्या कोमटच.

"नवा आहे," मिस्त्री मफलर गुंडाळत म्हणाले. "रुळायला वेळ घेतो."

"घेतो," बाई दुसरा स्वेटर चढवत म्हणाल्या.

थोरल्याचा निरोप आला, उन्हाळ्यात बघतो. धाकटीने फोनच केला. "बाबा, खोलीत हीटर घेतलाय. दीड हजार वॅट लिहिलंय, म्हणजे तुमच्या भाषेत किती?"

"पाच हजार एकशे अठरा." मिस्त्रींनी कागद ओढला. "खोली केवढी? खिडक्या किती?"

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. दार कुठल्या बाजूला, वर छत की दुसऱ्याचं घर, काही सोडलं नाही. शेवटी सवयीने विचारलं, "माणसं?"

"एकच, बाबा."

त्यांनी एक लिहिला. "पुरेल," म्हणाले. "यंदा येणं होत नाही ना?"

"सुट्टी नाही मिळाली."

"असू दे. घर मस्त गरम आहे आमचं."

फोन ठेवून त्यांनी आपला जुना कागद काढला आणि चार खोडून दोन केले. कडाक्याच्या दिवशी तासाला तूट निघाली तीनशे चाळीस बीटीयूची. एका माणसाहून थोडी कमीच. दोघांतलं कुणी एक जरी आलं असतं तरी भरून साठ उरले असते.

बाई चहा घेऊन आल्या, कागदावरून नजर फिरवून समोर बसल्या. "कळलं होतं मला," म्हणाल्या. "दुकानातून फोन आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"चार बरे दिसत होते."

तर तूट तीनशे चाळीस. थोरल्याच्या वाट्याला काही आलं नाही. धाकटीला कळवलं नाही. उरले दोघे: बाईंनी तूट गुडघ्यांनी भरली, आणि मिस्त्रींनी थंडी संपेपर्यंत रोज ते गुडघे चोळून.