दोन पूर्णांक तीन सेकंद

बोलण्यातला श्वास न् श्वास मोजायचा, अशी इंग्रजी विभागातल्या त्या मार्गदर्शक मॅडमची शिस्त होती. ध्वनिमुद्रण ऐकायचं, शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. कोण अडखळलं, कोण मध्येच घुसलं, कोण किती वेळ गप्प बसलं, ते सेकंदाच्या दशांशापर्यंत कंसात लिहायचं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीनं तेच तर केलं होतं. इंग्रजी नाटकांतले घरगुती संवाद आणि खऱ्या घरातलं बोलणं यांची तुलना हा तिच्या प्रबंधाचा विषय होता, आणि खरं घर म्हणून तिनं स्वतःचंच घेतलं होतं: आई, बाबा आणि ती. जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवून सहा दिवसांचं बोलणं तिनं टिपलं होतं.

मॅडमनी बाड पुढं सरकवलं. पानापानावर लाल खुणा होत्या.

“कुणाला कापलंस?”

“म्हणजे?”

“नाटकांवर प्रबंध आहे म्हणून नाटकं करू नकोस. हे बघ. आई विचारते, ‘पडदे आज धुवायला काढू का?’ मग दोन पूर्णांक तीन सेकंद शांतता. मग बाबा म्हणतात, ‘तिचं ऐक, रविवारी काढ.’ तिचं म्हणजे कुणाचं? तू तर या अख्ख्या पानावर बोललेलीच नाहीस. चौथ्या माणसाचा आवाज पुसलायस तू. तसं लिहून दे, नाहीतर प्रबंध बाद.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांचे प्रबंध उचलून स्वतःच्या नावावर लावणारे त्याच इमारतीत मानानं मिरवत होते, आणि सहा आठवडे कान झिजवणाऱ्या मुलीनं खुलासा द्यायचा! ती तरातरा भाषा-प्रयोगशाळेत गेली. तिथल्या तंत्रज्ञ काकांनी मूळ फाईल उघडून आवाजाची रेघ पडद्यावर ताणून ताणून पाहिली.

“कात्री कुठंच लागलेली नाही, पोरी. फ्रीजची घरघर सलग आहे. सांग तुमच्या चाळणीबाईंना.” मॅडमचं हे नाव सगळ्या विभागाला ठाऊक होतं, फक्त मॅडमना सोडून. “तसं लिहूनच देतो, घे.”

तिला आनंद व्हायला हवा होता. पण उभ्या उभ्याच ती पानं उलटायला लागली. उतरवताना अर्थ लावायचा नाही, नुसतं मोजायचं, हा या विद्येचा पहिला नियम; तो तिनं इतक्या इमानानं पाळला होता की समोरचं दिसलंच नव्हतं. सहा दिवसांत तशा एकेचाळीस जागा होत्या. प्रत्येक शांततेनंतर बोलणं जिथं थांबलं होतं तिथून नव्हे, तर थोडं पुढून सुरू होत होतं. एकदा शांततेनंतर आई खळखळून हसली होती. आणि तिसऱ्या दिवशी मुलीचा स्वतःचाच आवाज तडकून म्हणाला होता, “तू नको शिकवूस मला.” असं आपण कुणाला म्हणालो, ते तिला काही केल्या आठवेना.

त्या आठवड्यात ती एका जागी धड बसली नाही. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. शेवटी न राहवून तिनं विचारलं, “आई, आपण घरात किती जण गं?”

“हा काय प्रश्न झाला? अभ्यासानं डोकं फिरलंय तुझं,” आई म्हणाली आणि टेबलावर ताटं मांडू लागली. मुलीनं ती ताटं मोजली नाहीत.

काकांचा कागद मॅडमनी वाचून बाजूला टाकला. “कागदावर माझा विश्वास नाही. रविवारी मीच घरी येते. माझ्यासमोर बोला.”

रविवारी चार वाजता मॅडम आल्या. त्यांनी स्वतःचा रेकॉर्डर टेबलावर ठेवला, प्रबंध मांडीवर घेतला आणि बाबांना नोकरीबद्दल काही विचारलं. बाबांनी उत्तर दिलं. मग ती शांतता आली. मुलगी मॅडमच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. आता पकडतील, आता विचारतील! मॅडमची मान मात्र हळूच टेबलाच्या रिकाम्या बाजूकडे वळली, आणि मग त्या चक्क लाजून हसल्या.

“चाळणी? मला? अगं बाई, हे मला ठाऊकच नव्हतं!”

आईबाबाही हसले. मॅडमनी डोळे पुसत पेन उघडलं. “चुकलंच माझं. कापलं काहीच नाहीयेस तू, फक्त एका व्यक्तीची नोंद राहिलीय. ती कर, मी इथंच सही करते.”

दोन वर्षांचे कष्ट त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबले होते. तेवढ्यात पुन्हा सगळे गप्प झाले. या वेळी तिन्ही चेहरे तिच्याकडे वळले.

“अगं, उत्तर दे ना,” आई म्हणाली. “केव्हाची विचारतेय ती तुला.”

बोलायची पाळी आल्यावर जो बोलत नाही, त्याचं गप्प बसणं हेही उत्तरच धरलं जातं, हे ती पाठ करून बसली होती. इथं कुणी नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मॅडमचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं.

“हो,” ती म्हणाली, न ऐकलेल्या प्रश्नाला.

मॅडमनी सही केली. बाबांनी हातातला कप आवाज न करता खाली ठेवला. आई अगदी हळू म्हणाली,

“आम्हाला एकदा विचारायचंस तरी गं.”